न वाचलेल्या कागदावरची सही

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण अधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय, आदिलाबाद (तेलंगणा).

अर्जदार : रंजीता अमरदीप दुर्गे, मौजे पिंपळखेडी, मंडल तलमडुगु.

विषय : शाळा बंद करण्याच्या संमतीअर्जाची फेरचौकशी होणेबाबत.
संदर्भ : पालकांचा तेलुगू अर्ज, दि. १८ जून २०२४.

महोदय,

१. अर्जदार अंगणवाडीत मदतनीस असून तिची मुलगी प्रगती गावच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. तेथील एकमेव शिक्षिकेची जूनमध्ये बदली झाली. तेवीस लेकरे नुसतीच बसून घरी येऊ लागली, म्हणून त्यांच्या आयांनी तक्रार करण्याचे ठरविले.

२. तक्रार कशी लिहावी हे विचारण्यास अर्जदार निवृत्त शिक्षक उद्धवराव गुरुजींकडे गेली. याच शाळेत त्यांनी तिला अक्षर शिकविले होते. वडील नसल्याने तिच्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे राहिले होते. "एका अर्जात एकच गोष्ट लिव्ह. तारीख टाक. राग लिवू नको, काय पाह्यजे ते लिव्ह," असे त्यांनी सांगितले. अर्जदाराने तसेच लिहिले : शिक्षिका परत द्यावी. वाचून गुरुजी म्हणाले, "पोरी, हापिसात मराठी कोण वाचते? मी तेलुगूत करून देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलेल्या कागदावर पहिली सही अर्जदाराने केली. ती पाहून एकोणीस बायांनी सह्या-अंगठे केले. प्रयागबाईंनी अंगठा लावण्याआधी "याच्यात काय लिवलं?" असे विचारले होते. "गुरुजीनं लिवलं ना, मावशी," हे उत्तर अर्जदारानेच दिले.

३. दि. ५ जुलै रोजी, पालकांच्या विनंतीवरून शाळा बंद होणार असल्याची नोटीस आली. बोथ गावच्या कॉलेजात इंटरला (बारावीला) असलेली पुतणी अर्पिता हिच्याकडून अर्जदाराने नोटिशीसोबत आलेली त्या तेलुगू अर्जाची प्रत (सोबत जोडली आहे) वाचून घेतली. त्यात शिक्षिकेचे नावसुद्धा नाही. आम्ही राजीखुशीने मुले शेजारच्या गावातील खासगी शाळेत घालीत आहोत, मराठी शाळेची गरज उरली नाही, असे लिहिले आहे. ती खासगी शाळा गुरुजींचे चिरंजीव पियुष चालवितात. अर्जदाराने अर्पिताला कागद पुन्हा वाचण्यास सांगितले. दुसऱ्यांदाही तेच निघाले.

४. अर्जदार त्याच दिवशी गुरुजींकडे गेली.
"काऊन केलं, गुरुजी?"
"लेकराईच्या भल्यासाठी केलं. मराठी शिकून कोणाले नोकरी लागून राह्यली?"
"मंग मले तसं सांगाचं होतं. मी हो बी म्हटलं असतं."
गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते आत निघून गेले. प्रयागबाई तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाहीत. यात प्रयागबाईंचे काही चुकले असे अर्जदारास वाटत नाही.

५. तेलुगू शिकविण्यास अर्जदाराचा विरोध नाही. विनंती एवढीच की, आपण गावात येऊन तो कागद विसाही जणींसमोर मराठीत वाचून दाखवावा आणि प्रत्येकीस तोंडी विचारावे. बायांनीच शाळा नको म्हटले, तर अर्जदार पुन्हा लिहिणार नाही. गुरुजींवर कारवाईची मागणी तिने दोनदा लिहिली व दोन्ही कागद फाडले. ते आपणच ठरवावे. वाचनाच्या दिवशी मात्र त्यांना समोर बोलवावे. त्यांचे गुडघे दुखतात, जास्त वेळ उभे राहवत नाही. त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवावी.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
(सही) रंजीता अमरदीप दुर्गे
पिंपळखेडी, दि. १० जुलै २०२४