टिळकवाडीत देव बसले

रविवार, २४ सप्टेंबर १९७८

पुण्याच्या सरनोबतांचा ट्रंक कॉल. आठ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, मुलगी पाहायला येतायत. मुलगा इंजिनिअर. आमच्या उज्ज्वलाला पसंत आहे. ती काही बोलत नाही, पण फोटो तिच्या उशीखाली असतो असं मिसेसनी सांगितलं.

एकच घोळ आहे. मध्यस्थांकडून मी कळवलं होतं की आमचं घराणं पुरातन, चांदीचे टाक, नवरात्राचा थाट वगैरे. आता सरनोबतीणबाई म्हणतात, तुमच्या घटाचं दर्शन घ्यायचंय. टाक आहेत हे खरं. पण ते कंग्राळीला, थोरल्या घरी, बंधू भरमाण्णांकडे. निपाणीत तंबाखूची वखार काढून मी बेळगावात टिळकवाडीला बंगला बांधला तेव्हा देव तिकडेच राहिले. आमच्याकडे देवांची दोन कॅलेंडरं आहेत.

संकल्प : देव थोडे दिवस मागून आणायचे. आणि आजपासून घरात फक्त शुद्ध मराठी.

मंगळवार, २६ सप्टेंबर

कंग्राळीला गेलतो. (गेलो होतो.)

वास्तुशांतीला तानीवहिनींनी आमच्या कारंज्यात पाय धुतले, तेव्हापासून जाणं-येणं बेतानंच होतं. तरी भरमाण्णांनी चहा पाजला. थोरले बंधू म्हणून मी नमस्कार केला आणि विषय काढला. ते म्हणाले, देव म्हंजे काय लग्नातली पातेली हाईत व्हय रं, मागून न्यायला? जितं देव तितं थोरलं घर. पोरीचं काम हाय म्हणून येतो, पण समदीच येतो.

मी सुचवलं, सकाळी पूजेला या, संध्याकाळी परत जा. दोघं नवराबायको हसली. नंदादीप विझता कामा नये म्हणे, वहिनी त्याच्यापाशीच बसून असतात.

हरकत नाही. गॅरेजवरची खोली देता येईल. देव मागच्या खोलीत. आणि मध्यस्थांना आजच फोन केला की पाहुण्यांना सांगून ठेवा, नवरात्रात आमच्याकडे शेतावरचे मॅनेजर मुक्कामाला असतात, जरा साधे आहेत. दूरदृष्टी लागते.

सोमवार, २ ऑक्टोबर

आले. भरमाण्णा अनवाणी, डोक्यावर देवांची बुट्टी. (टोपली.) मागं वहिनी. मागं बैलगाडीत अंथरुणं आणि शेतातली माती. गाडीला बांधलेली म्हैस. नैवेद्याला घरच्याच म्हशीचं दूध लागतं म्हणे.

म्हैस लॉनवर. मिसेसच्या डेलिया गेल्या. मिसेस माझ्याशी बोलत नाहीत.

मंगळवार, ३ ऑक्टोबर. पहिली माळ

घट ड्रॉइंगरूममध्ये बसला. रेडिओग्राम होता तिथं. मी मागची खोली दाखवली तर भरमाण्णा म्हणाले, देवाला अडगळीत बसवतोस व्हय? मोझॅकवर माती पसरली, त्यात धान्य पेरलं, टाक पानावर ठेवले.

मग नियम सांगितले. घट बसलेल्या घरात पायात चप्पल नाही. कॉट नाही. सोफा नाही. दाढी नाही. मी सौम्यपणे म्हणालो की काळ बदललाय. वहिनी म्हणाल्या, मग तसं देवीला सांग की, ती काय माझी जाऊ हाय?

सोफा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. शनिवारी देव मागच्या खोलीत हलवायचे आणि दाढी करायची. ठरलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. तिसरी माळ

कॅम्पातल्या क्लबला गेलो नाही. या तोंडानं काय जाणार. उज्ज्वलाचं लग्न तिथल्याच लॉनवर करायचं पक्कं आहे. मेंबरशिप तेवढी व्हायची राहिलीय. सेक्रेटरीसाहेब दोनदा भेटले तेव्हा मी सुटात होतो आणि त्यांच्यावर छाप पडली असं माझं मत आहे.

मिसेस वहिनींशेजारी जमिनीवर झोपतात. कंबर दुखायची थांबली म्हणतात. माझी दुखते.

शनिवार, ७ ऑक्टोबर. पाचवी माळ

देव हलवण्याचा प्रस्ताव मांडला. भरमाण्णांनी पान लावता लावता सांगितलं, बसल्याला देव दसऱ्याबिगर उठत न्हाय. तू उठवलास तर पोरीचं लगीन बी उठलं म्हणून समज.

उज्ज्वला दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी प्रस्ताव मागे घेतला. भीती म्हणून नव्हे.

दुसरी योजना. उद्या दुपारी भरमाण्णा-वहिनींना सिनेमाला पाठवायचं. वहिनींनी विचारलं, दिवा कोण बघणार, तू?

भरमाण्णा म्हणजे मॅनेजर, ही योजना कायम.

रविवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळ

नीट लिहितो.

सरनोबत मंडळी वेळेआधी आली. घटाशेजारी घोंगड्यावर भरमाण्णा पटका बांधून बसलेले. सरनोबत आत आले ते थेट त्यांच्या पाया पडले. मी अनवाणी, पाच दिवसांची दाढी, हातात पाण्याचा तांब्या. सरनोबत मला म्हणाले, गाडीत फळांच्या करंड्या आहेत, तेवढ्या आत घ्या.

घेतल्या. पाहुण्याला नाही म्हणणं आमच्या घराण्यात नाही.

ओळख करून द्यायला उभा राहिलो तर तेच म्हणाले, तुम्ही मॅनेजर ना? मध्यस्थांनी सांगितलं होतं. मिसेस छताकडे बघायला लागल्या. शेवटी उज्ज्वला म्हणाली, हे माझे बाबा.

जुळत आलेलं माझ्याच हुशारीनं मोडतंय असं वाटलं. तेवढ्यात वहिनींनी दिव्यात तेल घालता घालता सांगितलं, धाकला दीर हाय माझा. नवरात्रात दाढी धरलीय, एरवी बरा दिसतो. सरनोबतीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग त्या वहिनींशेजारी मांडी घालूनच बसल्या. वऱ्याचे तांदूळ दोनदा घेतले. मुलगा आणि उज्ज्वला म्हैस बघायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. म्हशीत एवढं बघण्यासारखं काही नाही.

पसंती झाली. पाहुण्यांनी एकच इच्छा सांगितली, लग्न देवांच्या दारात व्हावं. म्हणजे कंग्राळीला. मी क्लबच्या लॉनबद्दल सविस्तर बोलायला सुरुवात केली. भरमाण्णा म्हणाले, व्हय. आणि ठरलं.

मंडळी गेल्यावर उज्ज्वला वहिनींच्या गळ्यात पडून रडली. मला राग आला आणि लई आनंद झाला. फार आनंद झाला.

बुधवार, ११ ऑक्टोबर. दसरा

देव उठले. ड्रायव्हरला अँबॅसॅडर काढायला सांगितली. भरमाण्णा म्हणाले, धाकल्यानं मागून आणल्यालं, धाकल्यानंच पोचवायचं. डोक्यावर. चालत.

बेत केला की मागच्या गल्ल्यांनी जायचं. पण पुढं म्हैस, म्हशीमागं हलगी, आणि म्हशीला आल्या वाटेचीच खूण. ती कॅम्पातूनच निघाली. तिच्या मागं मी अनवाणी, डोक्यावर बुट्टी, पटक्यात घटातलं हिरवं धान. माझ्या मागं मिसेस, त्याही अनवाणी आणि चक्क गात.

क्लबच्या फाटकात सेक्रेटरीसाहेब उभे. मी मान खाली घातली. त्यांनी हलगी थांबवली, बूट काढले, हात जोडले आणि बुट्टीत चार आणे टाकले. जोगवा मागणारा समजले मला. वहिनी मागून हळूच म्हणाल्या, उदो म्हण की रं.

म्हटलं उदो. दुसरं काय म्हणणार?

कंग्राळीत पोचल्यावर वहिनींनी ते नाणं देवापुढं ठेवलं. क्लबातनं मला आजवर मिळाल्यालं तेवढंच. मग त्यांनी गरम पाणी आणलं आणि मी पाय बुडवून अंगणात बसलो. मांडव कुठं घालायचा ते भरमाण्णा दाखवत होते. गोठ्याला लागूनच हाय.

उद्यापास्नं शुद्ध बोलायचं. आज न्हाय जमत, पाय लई दुखत्यात.