पिवळ्यांचे घड्याळ आणि निळा भाचा

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी लंबकाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही रिसीव्हर खाली ठेवता, म्हणून पत्र लिहितो आहे. (माझे अक्षर ओळखून पाकीट न उघडताच फाडू नये, यासाठी पत्ता शेजारच्या छापखान्यात टाइप करून घेतला. तेवढी लबाडी पोटात घाला.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? दुकानातले थोरले घड्याळ अजून सव्वाला दीडचा ठोका देते का? माझे म्हणाल तर ताप नाही, भूक लागते, झोप येते. फक्त मी कोण आहे, हे मला सध्या नक्की सांगता येत नाही. गेल्या महिन्यापर्यंत झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते.

मामींच्या बहिणीने मला पिवळ्यांच्या मैदानावर, गळ्यात पिवळा मफलर घालून, पाहिले. ते खरे आहे. मी ओरडत होतो असेही तिने सांगितले म्हणे. तेही खरे आहे, पण मी का ओरडत होतो ते तिला ठाऊक नाही. (मलाही नव्हते. ते पुढे येईल.) त्यावर तुमचा निरोप आला की त्याला सांगा, माझ्या भिंगाला यापुढे हात लावायचा नाही. मामा, ते भिंग डोळ्याला लावून मी पहिले घड्याळ उघडले, तेव्हा ते माझ्या डोळ्यात राहायचे नाही म्हणून तुम्ही मागून हाताने धरून उभे होतात. तुम्ही दुकानातून उठाल तेव्हा ते माझ्याकडे यायचे ठरले होते. भिंगाचे एक वेळ सोडा. (सोडू नका, पण समजा.) तीन रविवार झाले, तुमच्याकडचा माझा चहा बंद आहे, आणि स्वतःच्या घरी स्वतः केलेला चहा पिताना मला कुणीतरी दार लावून घेतल्यासारखे वाटते.

मी निळा कसा झालो ते तुम्हाला सांगायला नको, कारण तुम्हीच केलेत. आई गेल्यावर मी सातव्या वर्षी तुमच्या घरी आलो. मामींनी मला निळा स्वेटर घातला, तुम्ही खांद्यावर बसवून निळ्यांच्या फुटबॉल सामन्याला नेलेत, आणि परत आलो तो निळा होऊनच. कुणी विचारले नाही, मीही हरकत घेतली नाही. घरात चादरी निळ्या, बरण्यांची झाकणे निळी, खिडक्यांना पांढऱ्या होड्यांचे निळे पडदे. एक रविवार निळ्यांच्या सामन्याचा असायचा. दुसऱ्या रविवारी तुम्ही एकटेच कुठल्याशा कचेरीच्या घड्याळाला चावी द्यायला जायचात आणि संध्याकाळी घसा बसवून घेऊन यायचात. (जुन्या घड्याळांची धूळ घशात जाते, असे तुम्ही सांगायचात. मी अजून दुकानात तोंडाला फडके बांधतो.) कामही तुम्हीच शिकवलेत. दुरुस्ती झाली की मागच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. तुमची खूण छत्री, माझी टिंबाचा गोल. घड्याळजी खोटे बोलेल, झाकण बोलणार नाही, असे तुम्ही म्हणायचात.

आता गुन्ह्याकडे येतो. महिन्यापूर्वी पिवळ्यांचे चिटणीस माझ्या दुकानात आले. काडीसारखा माणूस, टोपी छातीशी धरून उभा. त्यांच्या मैदानावर प्रेक्षकांच्या छपरावर जे मोठे घड्याळ आहे, ते तीन वर्षे बंद होते. मी सरळ सांगितले, मी निळा आहे. ते म्हणाले, "पण घड्याळ पांढरं आहे." यावर काय बोलायचे मला सुचले नाही, आणि मला सुचले नाही की मी हो म्हणतो, हे तुम्ही जाणता; लंबक हे नाव तुम्ही उगाच ठेवले नाही. घड्याळाच्या खोलीची किल्ली मैदानाच्या माळ्याकडे असते आणि माळी सामन्याच्या दिवशीच सापडतो, म्हणून जावे लागले तेही सामना चालू असताना. बेचाळीस पायऱ्या. वर कपाटाएवढी खोली, तबकडीशेजारी एक झरोका, एक स्टूल आणि स्टुलावर धुळीने करडी झालेली उशी. मी बाहेर न पाहता काम केले. (दोनदा पाहिले.) चक्रे साफ केली, तेल दिले, काटे माझ्या मनगटी घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळवले आणि लंबक सोडला. खाली एकदम टाळ्या पडल्या. झरोक्यातून डोके काढून मी नमस्कार केला.

त्या दिवशी पिवळे एका गोलाने पुढे होते. असे त्या मोसमात पहिल्यांदाच घडत होते, हे मला मागाहून कळले. सामना संपत आला होता. आता झाले असे की त्यांच्या खेळाडूंनी वर पाहिले. घड्याळात वेळ भरली होती. गोलकीपर हातमोजे काढू लागला, एकाने बुटाची नाडी सोडली, दोघे एकमेकांना मिठी मारायला निघाले. पंचाच्या हिशेबाने मात्र अजून तीन मिनिटे होती. त्या तीन मिनिटांत समोरच्यांनी दोन गोल केले. पहिला तर हातमोज्यासकट आत गेला.

मग बेचाळीस पायऱ्यांवर पावले वाजली. माणसे वर आली, पण मारायला नव्हे, समजवायला. ते जास्त अवघड गेले. पुढे एक निवृत्त पोस्टमन होते. ते म्हणाले, "अहो, हे घड्याळ चार मिनिटं मागे असायचं. आमची पोरं शेवटपर्यंत पळायची, कारण त्यांना वाटायचं अजून वेळ आहे. ते बंद पडलं आणि आम्ही बसलो." मी म्हटले, चुकीचे घड्याळ चुकीचे सोडून जाणे माझ्या हाताला जमणार नाही. त्यावर मागे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे सगळे असंच म्हणतात. मग तोंड उघडतात."

तेव्हा मी गेलो तो घड्याळासाठी, हे तुम्ही ध्यानात घ्यावे. पुढच्या सामन्याआधी काटे चार मिनिटे मागे केले आणि पायऱ्या उतरू लागलो. निम्म्यात पाय थांबले, परत वर गेलो आणि काटे बरोबर केले. असे तीनदा झाले. शेवटी पोस्टमननी सुचवले की मी घड्याळापाशीच बसावे आणि डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवावा. तसा बसलो. नव्वद मिनिटे हात धरून बसलेल्या माणसाने पाहायचे काय? समोर झरोका होता. त्यातून वारा येत होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मफलर गुंडाळला. तो पिवळा निघाला यात माझा काय दोष? सामना बरोबरीत सुटला आणि मला पुढच्या वेळी यायला कुणी सांगितलेही नाही. सगळे तसे धरूनच चालले. ऑफसाइड मला अजून कळत नाही. (तुमच्याबरोबर पंचवीस वर्षे कळल्यासारखे दाखवले, त्याची आज कबुली देतो.) पोस्टमननी ते तीन कप आणि एक बशी मांडून समजावले. आता बशी कुठे ठेवायची हेही कळेनासे झाले आहे.

मग मी एकेकाला विचारत सुटलो की तुम्ही पिवळे कसे झालात. बिघाड कुठे आहे ते शोधायची माझी सवय, बाकी काही नाही. पोस्टमन एका रजिस्टर पत्रावर सही घ्यायला मैदानात शिरले होते. ज्याची सही हवी तो तिसऱ्या रांगेत बसला होता, म्हणाला, एक गोल होऊ दे, मग करतो. गोल व्हायला दोन मोसम लागले. डॉक्टरीणबाईंचा नवरा कट्टर निळा. आठवड्यातून दोन तास तो जिथे चुकूनही येणार नाही अशी जागा त्यांना हवी होती. चिटणीस तर म्हणाले की आपल्याला फुटबॉल आवडतच नाही, पण आता सोडले तर बाकीच्यांना काय वाटेल. एकालाही ठरवून झाल्याचे आठवेना. म्हणजे एवढी जन्माची गोष्ट, आणि तिच्याकडे नीट कारण म्हणून नाही! सुटे बटण घेताना सुद्धा आपण जास्त विचार करतो.

गेल्या रविवारी पिवळे पाच गोलांनी हरले. (मामींच्या बहिणीने पाहिले तेव्हा आणि याही वेळी मी ओरडत होतो ते गोलकीपरला सांगत होतो, अरे, अजून वेळ आहे.) पायऱ्या उतरताना एकाने खालून विचारले, काय झाले हो? मी म्हणालो, "हरलो आपण." आपण! एकविसाव्या पायरीवर मी मटकन बसलो. मला तुमची आठवण आली आणि फार भीती वाटली. घरी येऊन निळा स्वेटर काढून पाहिला. त्यात आता माझा एक हात जातो. त्याच संध्याकाळी रेडिओवर निळे जिंकल्याचे सांगितले, तेव्हा मी टाळीही वाजवली. म्हणजे मी गेलेलो नाही, पण आलेलोही आहे. हा काय प्रकार आहे?

पुढच्या रविवारी निळे आणि पिवळे समोरासमोर आहेत, तेही पिवळ्यांच्या मैदानावर. मामा, मी सरळ क्षमा मागतो. तुम्ही म्हणाल तर चिटणिसांना नकार कळवतो, मफलर धुऊन परत करतो आणि निळ्यांच्या बाजूला तुमच्या शेजारी बसतो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा (अजून असेन तर),
लंबक

ता. क. नकार कळवण्याआधी एक धंद्यातली गोष्ट तेवढी विचारायची राहिली. घड्याळ जाणूनबुजून चार मिनिटे मागे ठेवून हात स्वस्थ कसा ठेवायचा? तुम्हाला माहीत असेल असे वाटते. का वाटते ते खाली लिहितो.

दुसरा ता. क. पहिल्या दिवशी लोक वर आल्याच्या गडबडीत माझी खूण कोरायची राहिली होती. हरल्यानंतर घरी जाववेना, म्हणून परत वर जाऊन ती कोरायला मागचे झाकण उघडले. आत छत्री होती. एक नव्हे, अकरा छत्र्या, एकोणीस वर्षांत कोरलेल्या. पहिलीखाली तुमच्या अक्षरात 'चार मि. मागे', आणि शेवटची तुमचे गुडघे गेले त्या वर्षीची. तुम्ही शत्रूचे घड्याळ बिघडवायला गेला होतात आणि त्यात त्यांचे भले झाले, की मुळातच भले करायला गेला होतात, हे मला ठरवता येईना. म्हणून पोस्टमनना विचारले. ते म्हणाले, पूर्वीचा घड्याळवाला आम्ही कधी नीट पाहिला नाही, पण झरोक्यातून असा ओरडायचा की छपरावर कबूतर बसत नसे. कचेरीच्या घड्याळाची धूळ, मामा?

तिसरा आणि शेवटचा. मामींपासून काय लपवायचे याचा विचार करत होतो, तेवढ्यात ती स्टुलावरची उशी झटकली. निळी निघाली, पांढऱ्या होड्यांची. शिवण मामींची आहे. मी तशाच शिवणीची चड्डी घालून लहानाचा मोठा झालो. तेव्हा घरी विचारायची गरज नाही. एकविसाव्या पायरीवर मी खुर्ची ठेवली आहे. तिथवर तुम्हाला मी आणि पोस्टमन आणू, थोडे टेकू, मग उरलेल्या एकवीस. वर स्टूल दोन केले आहेत. झरोका एकच आहे, पण त्यातून दोन्ही गोल दिसतात. भिंग बरोबर आणा, काटा जरा घासतो आहे. पायऱ्या चढायला कितीही वेळ लागू द्या. तिथले घड्याळ चार मिनिटे मागे आहे, तुम्ही वेळेवरच पोचाल.