फवारणीच्या डब्यावरचा शब्द

माय, आज मी लय दमलेय. सोनपेठच्या विहारात दुपारी अंगणवाडीच्या बाया माझ्याकडं इंग्रजी शिकायला येतात, मोबाइलवरची सगळी कामं आता इंग्रजीत आलीत म्हणून. पेंडिंग म्हणजे? सबमिट म्हणजे? दोन तास नुसतं म्हणजे, म्हणजे! डोकं उठतं गं. मी चिडते, अन् मग माझी मलाच लाज वाटते, कारण हे ‘म्हणजे’ माझ्यामागं पहिल्यांदा तूच लावलंस.

कापूस वेचून आलीस की तू पदराची गाठ सोडायचीस. त्यात साबणाचा कागद, बियाण्याच्या पिशवीचा तुकडा, काहीबाही. तुला अक्षर वाचता यायचं नाही, पण त्यावरच्या शब्दांचा अर्थ हवा असायचा. मी सातवीत. तू चुलीपुढं भाकरी थापायलीस, मी कागद धरून सांगायलेय, अन् पटलं नाही की तू म्हणतेस, “आसं न्हाई, मला कळंल आसं सांग.” दुसऱ्या दिवशी तोच शब्द तू रानात बायांना शिकवायचीस. त्या तुला मास्तरीण म्हणून चिडवायच्या अन् तू खुशाल मिरवायचीस.

एकदा फवारणीच्या डब्यावरचा कागद आणलास. त्यावरचा ‘डायल्यूट’ मला येत नव्हता. येत नाही कसं म्हणायचं? दिलं ठोकून, “डायल्यूट म्हंजे एक नंबर माल.” त्यानंतर तुझ्या गाठीत कागद आला नाही. मला वाटलं, कंटाळली असशील. खरं सांगते, सुटल्यासारखंच वाटलं. तू गेल्यावर शेजारणीनं सांगितलं, की तू दुकानात चार माणसांसमोर ‘डायल्यूटच द्या’ म्हणालीस, अन् दुकानदार पोट धरून हसला, “मावशी, पाणी घालून पातळ करा म्हणायलेत ते!” तू त्याला म्हणालीस, “माझं लेकरू बराबरच सांगतंय. मलाच उमजलं न्हाई.” घरी येऊन मात्र चकार शब्द काढला नाहीस.

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एकीनं मोबाइल पुढं केला. प्रशिक्षणाची तारीख होती, शेजारी ‘टेंटेटिव्ह’. मला लगेच आठवेना, अन् मॅडमला येत नाही कसं म्हणायचं? “पक्कं ठरलेलं,” म्हटलं. ती पहाटेच्या एसटीनं परभणीला गेली. तिथं कुलूप. टेंटेटिव्ह म्हणजे अजून पक्कं नाही, हे मला मागाहून आठवलं. वर अंगणवाडी बंद ठेवली म्हणून बोलणी खाल्ली. आज येऊन मागं बसली. मी विचारलं तर म्हणाली, “तुमी बराबरच सांगितलं आसंल मॅडम. मलाच कळलं न्हाई.”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली, माय. हलवली अन् पुढचा शब्द घेतला. दोन तासांत तिनं एकदाही ‘म्हणजे’ विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. अन् मान हलवल्याची ओळ मी गाळलीच असती.