तिच्यासारखाच फोन पाहिजे

माय, आज दुकानात कंपनीचा एक साहेब आला होता. तुला माझं दुकान माहीत नाही म्हणा. तू गेलीस तेव्हा मी संभाजीनगरला दुसऱ्याच्या दुकानात उभी राहून मोबाइल विकत होते. आता भोकरदनला, स्टँडच्या रस्त्यावर, माझं स्वतःचं दुकान आहे. पाटीवर नाव माझं, आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायलाही मीच असते. तर हा साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याच्या कंपनीचा फोन मोठ्या शहरांत खपतो आणि आमच्याकडं काचेच्या कपाटात धूळ खातो; त्याच किमतीचा दुसरा एक मात्र मला पेट्या उघडायला उसंत देत नाही. असं का होतं, ते त्याला हवं होतं. उत्तरं त्यानं आधीच आणली होती, किंमत, बॅटरी, कॅमेरा, जाहिरात. मी नुसतं बोट ठेवायचं. मी म्हटलं, साहेब, बॅटरी टिकलीच पाहिजे, आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही. आवाज एवढा पाहिजे की ह्या बांधावर वाजला तर त्या बांधावर ऐकू जाईल. काच फुटली तर इथंच तासाभरात बदलून मिळाली पाहिजे. पण हे सगळं तुमच्याही फोनला आहे. खरं कारण पाहायचं असेल तर स्टूल घ्या आणि गप बसा. बसला बिचारा. साहेब लोकांना गप बसवायला मला किती आवडतं, हे तुला सांगायला नको.

थोड्या वेळानं केदारखेड्याच्या दोघी आल्या. एक घेणारी, दुसरी सोबतीला. सोबतीणीनं आपला फाटक्या कव्हरातला फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, बराबर असाच द्या हिला. रंग कोन्ता बी चालंल." साहेबाला राहवेना. त्यानं आपला फोन काढला, कॅमेरा दाखवला, वर सूट सांगितली. घेणारीनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि जपून परत ठेवला. "चांगलाय भाऊ, न्हाई म्हनत न्हाई. पन मंग मला शिकविन कोन? तुमी येनार का केदारखेड्याला?" साहेब माझ्या तोंडाकडं पाहायला लागला. मी तोवर पेटी उघडायला घेतली होती. गावात पहिला फोन कोणाच्या हातात आला, आणि त्या बाईला दुपारी शिकवायला वेळ आहे का, एवढ्यावर पुढचे पन्नास ठरतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं टिपून घेतलं. जाताना विचारलं, मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, धंद्यात.

धंद्यात नाही, तुझ्या शाळेच्या खिचडीच्या खोलीत शिकले. पत्र्याची ती खोली, चुलीवर ते भलंमोठं पातेलं आणि तुम्ही चौघी. सगळ्यांत मोठी, जिला तुम्ही थोरली म्हणायच्या, तिला तिच्या लेकानं फोन आणून दिला. वर्षभरात बाकी दोघींनी बिलकुल तसाच घेतला. तुझ्याकडं अजून बटनांचाच होता, तरी शिकवणीला तू सगळ्यांत पुढं. डाळ शिजायला टाकली की पोत्यावर बसून तुमचं सुरू होतं. अक्षरं तुम्हाला जेमतेम, पण जागा पक्क्या. वरून तिसरं, हिरवं, ते दाबलं की माणूस दिसतं. कोपऱ्यातल्या पिवळ्याला हात लावू नको, पैसे कटतात. एकीला सकाळी सापडलेलं दुपारपर्यंत चौघींना यायचं. मी सुट्टीवर आले की तू हे सगळं मला सांगायचीस, आणि मोबाइल विकणाऱ्या मला हसू यायचं.

मग तू म्हणालीस, मला त्यांच्यासारखाच आन. मी आमच्या दुकानातला सगळ्यांत भारी आणला, दुसऱ्याच कंपनीचा. चौघींत तुझा उठून दिसावा म्हणून. तू तो गल्लीभर दाखवून आलीस, त्या दिवशी तू खूश होतीस हे खरं आहे. पुढं एप्रिलात जयंतीला मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, म्हणून तुला घरी न्यायला लवकरच खिचडीच्या खोलीवर गेले. त्या तिघी खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत, रात्रीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आणि गाणी ह्या फोनातून त्या फोनात चालली आहेत, आणि तू त्यांच्याकडं पाठ करून एकटी खिचडी हलवते आहेस. तुझा फोन खुंटीवर, पिशवीत. मी थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "तिच्या फोनात समदं येगळ्याच जागी हाय, पोरी. आमालाच उमजत न्हाई, तिला काय सांगावं?" तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती खरंच हळहळत होती.

घरी येताना तू हापशापाशी थांबलीस. "भारी आनलास, माय. पन तू मला येकटी पाडलीस. ह्यो वापस दे आन त्यांच्यावानी आन. जल्दी आन." तू माझ्यावर कधी ओरडली नाहीस, तेव्हाही नाही, पण तेवढा राग मी तुझ्या तोंडावर आधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, मालकाला इचारून सांगते. दोन दिवसांनी संभाजीनगरहून फोन केला, की एकदा विकलेला फोन मालक वापस घेत न्हाई. तू "बरं, ऱ्हाऊ दे मंग" म्हणालीस आणि विषय सोडलास. पावसाळा सरता सरता तू गेलीस. तोवर डाळ शिजेपर्यंतचा वेळ तू कसा काढत होतीस, हे थोरलीला विचारायची माझी हिंमत झालेली नाही. ती अजून माझ्याच दुकानातून फोन नेते.

हे मी पावतीबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहायला जमतंय. माय, मालक भला माणूस होता, त्यानं त्याच दिवशी बदलून दिला असता. मी त्याला विचारलंच नव्हतं. माझ्या मायच्या हातात त्या खिचडीवाल्या बायकांसारखा फोन मला नको होता, आणि तूही खिचडीच शिजवत होतीस.