ठकूआत्याच्या मागून गाणारं मशीन

डिंगोरे

चि. सुदर्शन,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझा खोकला गेला का? नसेल तर डॉक्टरकडे जा, मोबाइलवर उपाय शोधत बसू नकोस.

माईक लॅपटॉपला जोडायला तू पाठवलेलं ऑडिओ कार्ड पोचलं. (चांगला डब्याएवढा ठोकळा आहे, त्याला कार्ड का म्हणतात ते कळलं नाही.) आपल्या अक्षदाच्या लग्नात हळदीला डीजे लावायचा नाही, असं मी तुझ्या काकांना बजावलं आहे. आपली हळदीची गाणी आता फक्त ठकूआत्याला पाठ आहेत आणि मांडवात उभं राहून गायचा दम तिला उरलेला नाही. म्हणून ती गाणी आत्ताच लॅपटॉपवर भरून घ्यायची, एवढंच काम होतं.

आत्याच्या कानांवर हेडफोन चढवला (पदरावरून, पदर मागे घ्यायला ती तयार नव्हती). सेटिंगमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. तो मोठा ठेवला की आवाज तुटत नाही, असं तू फोनवर म्हणालास, म्हणून मी सगळ्यांत मोठा ठेवला. मग आवाज कानात उशिरा पोचतो, हे मात्र तू म्हणाला नाहीस. आत्याने पहिली ओळ उचलली आणि थांबली. “शालन, ही मागनं कोण म्हणती गं?” मी म्हटलं, तुमचाच आवाज आहे. ते तिला पटलं नाही. आपल्याकडे एकीने ओळ म्हणायची आणि दुसरीने मागून झेलायची. तेव्हा मी मशीनमध्ये झेलणारी बाई बसवली आहे, असंच तिने धरलं. “जरा मागं ऱ्हाती, पण वळ पुरी हू देती. भागूवानी मधीच उडी न्हाई मारत.” (भागू म्हणजे तुझी आई. मी फक्त कळवते आहे.) त्या बाईने आपल्याला गाठावं म्हणून आत्या शब्दाशब्दाला थांबायला लागली. त्या चालीने गाणं संपेपर्यंत नवरीच्या अंगावरची हळद वाळून पडली असती.

मी आकडा एकदम खाली आणला. लाह्या फुटल्यासारखा आवाज यायला लागला. मग मधला ठेवला. आवाज स्वच्छ, मागून येणारा आवाज बंद. तर आत्याने हेडफोनच काढून ठेवला. “गेली का ती? तूच कायतरी बोलली असशील तिला. एकटीनं हळद म्हणत्यात व्हय?” तेव्हापासून काम बंद आहे. कोणता आकडा ठेवू, ते कळव.

तुझी,
शालनकाकू

ता. क. आकडा कळवू नकोस, तुझ्या आईला पाठव. मागच्या लग्नात आत्या तिला चारचौघींत “वळ संपायच्या आत उचलती” म्हणाली, तेव्हापासून तिने डिंगोऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. हे बरोबर नव्हतं, असं मी आत्याला सांगितलं आहे. (तिने ऐकलेलं नाही.)

पुन्हा ता. क. तुझी आई ओळ लवकर उचलते हे खरं आहे. पण कार्डाला दुसऱ्या माईकची जागा आहे आणि दोन्ही आवाज वेगवेगळे कमी करता येतात. भागूचा कमी ठेवीन, असं मी आत्याला सांगितलं आहे. आत्याचा कमी ठेवीन, असं तू आईला सांग.