विन कुणाला, बीट कुणाला

प्रिय वन्सं,

आधी आले ते कोचसर, आणि दार उघडलं ते मी, हातात फरशी पुसायचं ओलं फडकं घेऊन. त्यांच्या मागे एक उंच बाई, बारीक कापलेले केस, पायांत पळायचे बूट. सूनबाईनं सकाळी बजावून ठेवलं होतं की पाहुणे संध्याकाळी यायचेत, तोवर मी घरी येतेच, तुम्ही फक्त पडून राहा. हे दुपारीच हजर. कोचसर कोचावर बसले (हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, कुणी हसलं नाही), बाई खुर्चीवर बसल्या, आणि फडकं कुठं ठेवावं ते न सुचून मी ते मांडीवर घेऊन बसले.

अगं बाई, बोलण्याच्या भरात नमस्कार राहिलाच की. तर वन्सं, तुम्हाला वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकले, खरंच वाकले तर उठवायला माणूस लागतं). दाढ कशी आहे? काढली असेल तर बरं झालं, नसेल काढली तर काढा. तुमचे बंधुराज मजेत आहेत. कानात घालायचं यंत्र खिशात घालतात आणि मला म्हणतात, तू हल्ली हळू बोलतेस.

तर त्या बाई कोण, ते सांगते. आपली भिंगरी, म्हणजे तुमच्या भाच्याची लेक, बॅडमिंटन बरं खेळते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बरं म्हणजे किती बरं, ते मलाही ठाऊक नव्हतं. या बाई लांबच्या एका केंद्रातून निवड करायला आल्या होत्या. तिथं निवडक मुलींना वर्षभर ठेवून घेतात, शाळाही तिथंच, खेळही तिथंच. भिंगरीचा खेळ त्यांना पसंत पडला होता. आता घर बघायचं होतं, आईबापांशी बोलायचं होतं. आणि घोडं तिथंच अडलेलं. तुमचा भाचा म्हणतो, पोर एवढ्या लांब जायची नाही, विषय संपला. पोर म्हणते, मग माझंही बोलणं संपलं. कितीतरी दिवस बापलेक एका टेबलावर जेवत होते आणि मीठ हवं तर माझ्यामार्फत मागत होते. मी नुसती मीठ पोचवणारी.

आता यात इंग्रजी कुठून आलं? तर वाचनालयात मोठ्या माणसांचे इंग्रजीचे वर्ग निघालेत. अगदी कोऱ्या पाटीवाल्यांचा वर्ग आहे तिसऱ्या मजल्यावर, आणि थोडंफार येणाऱ्यांचा तळमजल्यावर. माझ्या गुडघ्यांनी निर्णय घेतला आणि मी थोडंफार येणाऱ्यांत जाऊन बसले. शाळेत मी चौथीच्या पुढं गेले नाही, पण इथं एकदम मधल्या इयत्तेत! शेजारी बँकेतल्या एक बाई बसतात, त्या हसल्या की मी हसते, त्या लिहितात तेव्हा मी पेन हलवते.

सध्या तिथं खेळाचे आणि स्पर्धेचे शब्द चालू आहेत. रेफरी, फाउल, अपोनंट, स्पेक्टेटर. (स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक. हा शब्द मला इतका आवडला की कुठं वापरता येईल याची मी वाट बघत होते.) एकदा मास्तरीणबाईंनी विचारलं, तुम्ही घरी काय खेळता? मी उभी राहिले आणि सांगितलं की दुपारी नवऱ्याशी पत्ते खेळते आणि रोज आय विन माय हजबंड. सगळा वर्ग हसला, बँकवाल्या बाई तर बाकावर डोकं टेकून. तेव्हा मास्तरीणबाईंनी फळ्यावर लिहून समजावलं. मॅच विन करायची, स्पर्धा विन करायची, पण माणसाला बीट करायचं. इंग्रजीत माणूस विन करता येत नाही. एवढं हसं झाल्यावर मी ते घोकलं हो वन्सं. भाजी निवडताना घोकलं, दात घासताना घोकलं. मॅच विन, माणूस बीट.

तर त्या दुपारी चहा देऊन मी पुन्हा बसतेय तोच खालून कुणीतरी हॉर्न मारायला लागलं. कोचसरांनी गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावली होती, ते पळाले. राहिलो मी आणि बाई. त्यांना आपली भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही, पण मला वाटत होतं की येते. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं, त्यातलं फादर एवढं मला सापडलं. म्हटलं, पोराचं चांगलं चित्र उभं करावं, त्यांनाही कळू दे की या घरात खेळ मुरलेला आहे. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चादर टाकून बापलेक दर रविवारी खेळतात, ते सांगायचं होतं.

मी म्हटलं, फादर व्हेरी स्ट्राँग. एव्हरी संडे ही बीट हर.

बाई म्हणाल्या, बीट?

बीट, बीट, मी म्हटलं. व्हेन शी स्मॉल, एव्हरी संडे बीट. शी क्राय. अगेन बीट.

बाईंचा चहाचा कप तोंडापाशी गेला होता तो खाली आला. (मला वाटलं साखर जास्त झाली.) अगदी हळू आवाजात म्हणाल्या, अँड मदर?

मदर रेफरी, मी म्हटलं. आणि मग वन्सं, आला की हो माझा क्षण! नेबर्स स्पेक्टेटर, मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवून दाखवल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तुमच्या बंधूंचं घोरणं सुरू झालं. तुम्हाला माहीतच आहे, ते घोरत नाहीत, कण्हतात. बाई दचकून दाराकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम, ग्रँडफादर. आफ्टर लंच आय बीट हिम. देन ही स्लीप. बाईंनी माझ्या मांडीवरच्या फडक्याकडे असं काही बघितलं की मला शरमच वाटली. म्हटलं, पाहुण्यांसमोर फडकं!

त्यात भिंगरी सरावाहून आली. कोपर सोललेलं, गुडघ्याला पट्टी, कारण बॅडमिंटनचं फूल जमिनीला टेकायच्या आत ही स्वतः टेकते. बाईंनी तिला जवळ घेतलं, पट्टीवरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. नंतर कळलं, विचारलं होतं की तुला इथून निघून यायचंय का. पोर बिचारी इतक्या दिवसांची दाबून बसलेली, अशी 'यस' म्हणाली की डोळ्यांतून पाणीच आलं. बाईंच्याही आलं. मग माझ्याही आलं, कुणी मागं का राहावं? कोचसर धापा टाकत वर आले तेव्हा आम्ही तिघी रडत होतो. बाई उठल्या आणि चहा तसाच टाकून गेल्या. मी दारात उभं राहून सूनबाईला सांगायची तयारी करत होते की भेट किती हृद्य झाली.

संध्याकाळी कोचसरांचा फोन आला. तुमचा भाचा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून म्हणाला, "आई, तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं," मी म्हटलं. "सगळं चांगलंच बोलले."

मग मी सगळं बोलून दाखवलं, टाळ्यांसकट. भिंगरी आधी हसली, मग खुर्चीवरून घसरली, मग जमिनीवर बसून हसली. तिनंच सांगितलं की बीट म्हणजे हरवणं खरं, पण मारणं, बडवणंही तेच.

"मग मास्तरीणबाईंनी हे का नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल आई," सूनबाई म्हणाली, "तुम्ही तेव्हा पेन हलवत असाल."

हसू ओसरल्यावर लेकानं कोचसरांना परत फोन लावला. गैरसमज सांगितला. कोचसर पलीकडून इतके हसले की आम्हाला टेबलाशी ऐकू आलं. पण त्या बाई म्हणे अजून खात्री करून घेणार आहेत. निवड करायची की नाही ते घर नीट पाहिल्यावर. लेक म्हणाला, "मग रविवारी या म्हणावं. समोर बसून बघा आम्ही काय करतो ते." फोन ठेवला, आमटीत चमचा फिरवत बसला, आणि लेकीकडे न बघताच म्हणाला, "रविवारी मला हरवलंस तर जा."

वन्सं, गेलं वर्षभर या माणसाला तिच्याशी एकही गेम जिंकता आलेला नाही. मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी भात वाढायला लागलो. थोड्या वेळानं भिंगरी म्हणाली, "बाबा, मीठ द्या." आणि त्यानं दिलं. माझी नोकरी गेली, पण मी इतकी खूश होते की दोनदा भात घेतला.

तर असं सगळं आहे. लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरलेली नाही. मुलाबाळांना आशीर्वाद, दाढेला शुभेच्छा.

तुमची वहिनी
(इयत्ता मधली)

ता. क. – वर्गात जाऊन मास्तरीणबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, भीती वाटत असेल तर 'डिफीट' म्हणा, तेच अधिक सुसंस्कृत. पण फीट म्हणजे पाय, एवढं मला येतं. म्हणजे हातानं मारायचं सोडून लाथा घालतो असं सांगू का त्या बाईंना? रविवारी मी एक अक्षर बोलणार नाही असं सूनबाईनं माझ्याकडून वदवून घेतलंय.

आणखी ता. क. – खरं तर पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच. तुमच्या भाच्याची लक्षणं मला बरी दिसत नाहीत. हरायचं ठरवलेला माणूस नवीन रॅकेट आणतो का हो? यानं आणलीय. ऑफिसातून आला की मागच्या भिंतीवर फूल ठोकत बसतो आणि चहातली साखरही सोडलीय. हरायचंय की जिंकायचंय, ते त्याचं त्यालाच अजून कळलेलं नाही, आणि मला उगाच धोका नको. तेव्हा तुम्ही शनिवारी मुक्कामाला या. रात्री मी गप्पा मारत बसले तर तो उठून झोपायला जाईल, पण आत्यासमोरून उठायची त्याची टाप नाही. त्याच्या ऑफिसात काय चाललंय एवढंच विचारा, पुढचं तो आपण होऊन पुरवील. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी त्याचे पाय उचलत नाहीत, लहानपणापासूनचं आहे. भिंगरीला मात्र यातलं काही कळू देऊ नका, तिला सरळ खेळूनच जिंकायचंय. कोचसर आणि त्या बाई रविवारी सकाळी येतो म्हणालेत.