कुलूप मीच बसवले होते

३ मार्च, मंगळवार
१. परगावच्या नोकरीचे पत्र आले.
२. दादा म्हणाला, जायचे नाही. मी म्हणाले, जाणार.
३. त्याने माझी प्रमाणपत्रे लपवली, फोन काढून घेतला आणि मला मागच्या खोलीत कोंडले.
४. या दाराचे, आतून-बाहेरून बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप गेल्या वर्षी मीच बसवले. त्याने माझा ठसा पुसला.
ठसे घालायचा-पुसायचा बसवणाऱ्याचा कोड मात्र तसाच आहे. माहितीपुस्तिका वाचायची त्याला सवय नाही! पण बटणे बाहेर, मी आत.

५ मार्च
ओरडून पाहिले. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
आईने ताट आत सरकवले. "त्याचं ऐक गं बाळा. निवळेल तो." निवळायला तो काय पाणी आहे?
दादाला म्हटले, असे कोंडता येत नाही, माझे मूलभूत हक्क आहेत. दाराबाहेर हसला — "मग जा की कोर्टात, बाईसाहेब! चालत जा!"

९ मार्च
माझा फोन लागेना म्हणून मैत्रीण गेली कोर्टात! दादाला नोटीस आली. डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करा — असा अर्ज. उद्या मला नेणार. न्यायमूर्ती विचारतील, स्वखुशीने राहतेस का? एक "नाही" पुरेल.
दादा अगदी शांत होता. "म्हण की नाही. सुटशील. पण खोली रिकामी राहणार नाही हं. आई आहे ना!"
आई त्याच्यामागेच उभी होती. पदराशी चाळा करत.

१० मार्च
"स्वखुशीने राहते."
दादाला बाहेर पाठवून न्यायमूर्तींनी पुन्हा विचारले. तेच सांगितले. आईचे सांगून काय उपयोग? तिला विचारले असते तर "आमच्यात काही नाही हो" म्हणाली असती. जन्मभर तेच म्हणत आली.
अर्ज फेटाळला. वेळ फुकट घालवला म्हणून मैत्रिणीला सुनावले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसत बसले.
घरी दादा खुशीत — "आली वठणीवर!" आता घरात मोकळी फिरते. दाराच्या दोन्ही बाजूंनी.

१४ मार्च, शनिवार
म्हटले, मागच्या खोलीतल्या खिडकीची कडी निखळली आहे. "एवढी इंजिनीअर, आणि कडी बसवता येत नाही!" — म्हणत आत गेला. त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.
दार ओढले. कोड टाकला. त्याचा ठसा पुसला.
शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ मार्च
आईने ताट आत सरकवले. "तिचं ऐक रे बाळा. निवळेल ती."
ताटाखाली माझी चिठ्ठी: प्रमाणपत्रे कुठे आहेत ते लिहून दाराखालच्या याच फटीतून बाहेर दे. कोर्टाचा मार्ग तुलाही मोकळा आहे — चालत जा. उत्तर सोमवारी सकाळी दहापर्यंत द्यावे.